शाळेचा आठवडा आणि त्याची कीर्द

ज्या पेढीची कीर्द रोजच्या रोज लिहिली जात नाही आणि जिची खतावणी वर्षाअखेर एकदाच उघडली जाते, त्या पेढीवर मालाची आवक कितीही मोठी दिसली तरी तिच्या भवितव्याविषयी जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारातील कोणताही जाणता व्यापारी निःशंक राहणार नाही. आवक निराळी आणि शिल्लक निराळी, हे त्यास पक्के ठाऊक असते. परंतु हाच मनुष्य आपल्या भागातील प्राथमिक शाळेविषयी बोलू लागला म्हणजे केवळ आवकेचे आकडे ऐकून संतुष्ट होतो. इतकी मुले दाखल झाली, इतक्या खोल्या बांधल्या, इतकी पुस्तके वाटली, एवढ्यावर त्याचे समाधान होते. त्या मुलांच्या पदरात एका आठवड्यात किती विद्या पडली, हा प्रश्न तो विचारीत नाही. आणि कोणीच विचारीत नसल्यामुळे त्याचे उत्तरही कोठे लिहिलेले सापडत नाही. खानदेशातील वाचकांचे लक्ष आज आम्ही या एकाच प्रश्नाकडे वेधू इच्छितो.

मुलांस शाळेत आणण्याची लढाई आपल्या पूर्वजांनी फार नेटाने लढविली. इ.स. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. नामदार गोखले यांनी इ.स. १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात त्यासाठी बिल मांडले आणि पुढल्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी इ.स. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू करून दाखविले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने इ.स. १९१८ मध्ये नगरपालिकांपुरता कायदा झाला. अखेरीस इ.स. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेवर हक्क मिळाला. आज गावोगाव शाळा आहे आणि तिच्या पटावर गावातील बहुतेक मुलांची नावे आहेत. ही प्राप्ती लहान नव्हे.

तथापि पटावरील नाव म्हणजे विद्या नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या प्रेरणेने होणाऱ्या 'असर' पाहणीवरून पाहता, ग्रामीण भारतात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील सोपा उतारा वाचू शकणारी मुले इ.स. २०१८ मध्ये शेकडा सुमारे ५० होती. शाळा बंद राहिल्याच्या काळानंतर इ.स. २०२२ मध्ये ती शेकडा ४२.८ वर आली आणि इ.स. २०२४ मध्ये शेकडा ४८.८ पर्यंत चढली. याचा अर्थ असा की पाच वर्षे शाळेत जाऊनही निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. ही सगळ्या देशाची सरासरी आहे आणि कोणत्याही एका गावावर तिचा दोष लादणे न्याय्य होणार नाही. परंतु आपल्या गावची शाळा या सरासरीच्या वर आहे की खाली, हे सांगण्याचे साधन गावापाशी नाही, ही गोष्ट मात्र दोषास्पद आहेच.

या तपासणीसाठी आम्ही आठवडा हे माप का निवडतो, तेही सांगितले पाहिजे. जुन्या काळच्या पंतोजींच्या शाळेचा क्रम तिथींवर चाले. अमावास्या-पौर्णिमेस अनध्याय असे. रविवारची सुट्टी नव्या राजवटीबरोबर आली. परंतु खेड्यातील जीवनास आठवड्याचा घाट त्याही पूर्वीपासून आहे आणि तो बाजाराने घातलेला आहे. बाजाराच्या दिवशी मीठमिरची घरात येते, पुष्कळ गावांत मजुरीचा चुकारा त्याच दिवशी होतो, आणि घरातील माणसे घराबाहेर पडतात तीही त्याच दिवशी. मुलाचे शिकणे याच घाटात बसलेले असते. वर्षाच्या परीक्षेत चूक कळते तेव्हा ती सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. एका दिवसाच्या तपासणीवरून काहीच सिद्ध होत नाही. आठवडा हेच असे माप आहे की ज्यात झीज दिसते आणि पुढल्या आठवड्यात ती भरूनही काढता येते.

आता हिशेब मांडू. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे. म्हणजे दिवसास सरासरी चार तास आणि सहा दिवसांच्या आठवड्यास चोवीस. त्याच परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत मुले असलेल्या शाळेस दोन शिक्षक मिळतात. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत इयत्ता चार आणि गुरुजी दोन, म्हणजे एका गुरुजींकडे दोन इयत्ता आल्या. एका इयत्तेस ते शिकवीत असता दुसरी इयत्ता त्यांच्या दृष्टीआड जाते. सबब चोवीस तासांपैकी मुलाच्या वाट्यास गुरुजी येतात ते बारा तास. समजा, मूल बाजाराच्या दिवशी आले नाही. दोन तास गेले, राहिले दहा. समजा, आठवड्यातील एक दिवस दोहोंपैकी एक गुरुजी तालुक्यास बैठकीस किंवा माहितीचे तक्ते भरावयास गेले. त्या दिवशी चारही इयत्ता एकाच्या गळ्यात पडल्या आणि मुलाच्या वाट्याचा आणखी एक तास गेला. राहिले नऊ. चोवीस लिहून नऊ पदरात पडणे हा व्यवहार कोणत्या बाजारात चालेल? आणि यात कोणी गुरुजी आळशी आहे किंवा कोणी मूल मंद आहे असे मुळीच धरलेले नाही; सर्व माणसे प्रामाणिक असूनही हा तोटा येतो. गुरुजींस दोष देऊन मोकळे होणाऱ्या लोकांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

शाळेच्या खोलीत बसून आठवडा पाहिला म्हणजे या नऊ तासांचेही स्वरूप कळते. सोमवारी परिपाठ झाला, फळ्यावर वार व दिनांक लिहिला की गुरुजींचा पहिला तास मागे वळून पाहण्यात जातो. शनिवारी ओळखीची झालेली अक्षरे रविवारच्या एका दिवसात पुष्कळ मुलांच्या डोक्यातून निघून गेलेली असतात. कारण घरी वाचावयास काहीच नसते. ज्या घरात वर्तमानपत्र येते तेथील मूल रविवारीही अक्षरे पाहते. ज्या घरात छापील कागद म्हणजे बियाण्याची पिशवी एवढाच, तेथे ती अक्षरे सोमवारी नव्याने उजळावी लागतात. मंगळवार-बुधवारी काम रंगात येते. पहिलीतील मूल स्वरचिन्हे ओळखू लागते, दुसरीतले दोन अक्षरी शब्द जोडू लागते, तिसरीत हातच्याची बेरीज चालते. दुपारी खिचडीचे पातेले उतरते तेव्हा पंगतीत सर्व एकत्र बसतात. इ.स. १९९५ साली सुरू झालेल्या आणि इ.स. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेल्या अन्नाचे रूप मिळालेल्या या आहाराने जे केले, ते जातिभेदावरील शंभर व्याख्यानांनी झाले नसते. मग बाजाराचा दिवस येतो आणि रांगा विरळ होतात. मुलगा बापाबरोबर जातो. मुलगी बहुधा बाजारात जात नाही, ती धाकट्या भावंडास सांभाळीत घरी राहते. दुसऱ्या दिवशी गुरुजींपुढे दोन वर्ग बसलेले असतात : काल आलेले आणि काल न आलेले. पुढे जावे तर अर्धी मुले तुटतात, थांबावे तर उरलेली कंटाळतात. शनिवारी शाळा सकाळची. इ.स. २०२४ मध्ये सरकारने त्या दिवसास 'आनंददायी शनिवार' हे नाव देऊन खेळ, कला, हस्तव्यवसाय यांस जागा दिली. इ.स. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेने हाताच्या कामास शिक्षणाच्या मध्यभागी बसविले होते, त्याचा हा लहानसा अंश समजावयास हरकत नाही. परंतु ज्या मुलाचे पाच दिवस फुकट गेले त्यास सहाव्या दिवसाचा आनंद कितपत उपयोगी पडेल, याचाही विचार व्हावा.

वेळेच्या झिजेहून सूक्ष्म अशी दुसरी झीज भाषेची आहे, आणि ती खानदेशाची स्वतःची आहे. इ.स. २०११ च्या खानेसुमारीत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे लोक अठरा लाखांहून अधिक निघाले. साक्री-शिंदखेड्याचे, अमळनेर-पारोळ्याचे मूल घरी अहिराणी बोलते. यावल-रावेरकडचे लेवा गणबोली बोलते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिलोरी आहेत. तांड्यावर गोरमाटी आहे. पहिलीत बसलेले मूल 'मी जास' म्हणते. त्याच्या बोलीत मुलगा आणि मुलगी दोघेही 'मी जास' असेच म्हणतात. पुस्तकात मात्र 'मी जातो' आणि 'मी जाते' अशी दोन रूपे. 'मन्हं नाव अमुक शे' असे त्याने धिटाईने सांगितले की वर्गात हशा पिकतो आणि त्यास 'माझे नाव अमुक आहे' असे म्हणावयास लावतात. यावलकडील मुलाच्या दारापुढे केळीची बाग उभी असते. परंतु त्याच्या तोंडी ती 'केयी' आहे, आणि फळ्यावरील 'केळी' हा शब्द त्यास आपल्या बागेचा वाटत नाही. वाचावयास शिकणे म्हणजे तोंडचा शब्द डोळ्यांनी ओळखणे. जो शब्द तोंडी नाहीच तो डोळ्यांनी कसा ओळखावा? त्या मुलावर दोन कामे एकदम पडतात : एक नवी लिपी आणि दुसरी जवळजवळ नवी भाषा. पुण्याच्या मुलावर यांतील एकच काम पडते. दोघांस पुस्तक एक, वेळ एक आणि परीक्षा एक. मग खानदेशचे मूल मागे पडले म्हणजे त्यास मंद म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

यावर असे म्हणणारे लोक आहेत की बोली शाळेत आणली तर प्रमाण मराठी बिघडेल. त्यांनी जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण करावे. असोद्यास जन्मलेल्या या बाईंस लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी व एका आप्ताने उतरून ठेवली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने निघाली. त्या गाण्यांनी मराठी भाषा बिघडली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट इ.स. १९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठास इ.स. २०१८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. ज्या बोलीतील कवयित्रीचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर झळकते, त्याच बोलीतील पहिलीच्या मुलाचे वाक्य वर्गात चूक ठरते. कमानीवर मान आणि बाकावर अपमान हा विसंवाद आमच्या पदवीधर मंडळींस कसा जाणवत नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. प्रमाण मराठी मुलांस आलीच पाहिजे. तिच्यावाचून त्यांचे कचेरीत, बाजारात व पुढील शिक्षणात चालणार नाही, हे आम्हीही जाणतो. आमचे म्हणणे एवढेच की तिच्याकडे जाण्याचा रस्ता घराच्या दारापासून निघाला पाहिजे. शिक्षणहक्काचा कायदाही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असेच सांगतो.

तिसरी झीज हंगामाची. कापसाच्या वेचणीत शाळेतील मोठ्या मुलींची हजेरी उतरते, हे प्रत्येक गुरुजींस ठाऊक आहे. परंतु त्याहून मोठा खड्डा ऊसतोडीचा. चाळीसगाव, साक्री या बाजूंची अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत संपल्यावर, चैत्राच्या सुमारास परततात. वर्षाची सुमारे वीस आठवड्यांची शाळा त्या मुलांच्या हातून अशी एकदम जाते. त्यांच्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मूल जाईल तेथील शाळेत त्यास बसविता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकही आहे. उणीव आहे ती वेळेची. मुकादम कोणत्या कोयत्यास किती उचल दिली याची नोंद पुष्कळदा पावसाळ्यातच करतो. म्हणजे कोणते कुटुंब जाणार हे त्यास दिवाळीच्या कितीतरी आधी ठाऊक असते. शाळेस ते कळते मूल निघून गेल्यावर. मुकादमाची वही वेळेवर लिहिली जाते आणि शाळेची वही उशिरा, एवढाच दोहोंत फरक. पण त्या फरकात मुलाचे अर्धे वर्ष बुडते. एकदा गेलेले आठवडे परत येत नाहीत, याचा अनुभव सबंध समाजास नुकताच आला आहे. इ.स. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेले ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग इ.स. २०२१ च्या १ डिसेंबरपर्यंत उघडले नाहीत. मुले मात्र दरवर्षी वरच्या इयत्तेत चढतच गेली. त्या वेळी सर्वत्र हाकाटी झाली. ऊसतोड्याच्या मुलावर हाच प्रसंग दरसाल येतो आणि त्याची हाकाटी होत नाही.

इतके सांगितल्यावर उपाय सांगणे आमच्याकडे आलेच. ते खर्चाचे नाहीत.

पहिला उपाय कीर्दीचा. प्रत्येक शाळेत दर शनिवारी एका कागदावर चार आकडे लिहावे : या आठवड्यात प्रत्येक इयत्तेस गुरुजींनी स्वतः किती तास शिकविले, बाजाराच्या दिवशी किती मुले आली, किती मुले अक्षरावरून शब्दावर किंवा शब्दावरून वाक्यावर गेली, आणि कोणते मूल तीन दिवसांहून अधिक आले नाही. हा कागद वर कोठेही पाठवू नये. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि शालेय व्यवस्थापन समितीने महिन्यातून एकदा वाचावा. गुरुजी म्हणतील, आधीच कागद लिहून आमचे हात दुखतात, त्यात हा आणखी एक! त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे. यास्तव वर जाणाऱ्या कागदांपैकी निदान दोन तरी कमी करून मगच हा एक सुरू करावा. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकांस अध्यापनाबाहेरच्या कामास लावू नये, असे कायद्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. त्या कलमाचा अर्थ अधिकाऱ्यांनी मनमोकळेपणाने लावावा.

दुसरा उपाय उरलेल्या बारा तासांचा. गुरुजी दुसऱ्या इयत्तेकडे असता पहिली इयत्ता रिकामी का बसावी? थोरल्या मुलांनी धाकट्यांस शिकविण्याची रीत आपल्या गावठी शाळांत जुनी आहे. मद्रासेस असताना अँड्र्यू बेल याने तसाच प्रयोग केला आणि इ.स. १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहून तो विलायतेत नेला. आपली वस्तू आपण पुन्हा वापरावयास लाज कसली? दिवसातील अर्धा तास चौथीच्या मुलाने पहिलीच्या दोन मुलांस वाचून दाखविले तर दोघांचाही लाभ आहे.

तिसरा उपाय पहिल्या दोन वर्षांत बोलीस वर्गात सन्मानाने बसू देण्याचा. मुलांनी गोष्ट आपल्या बोलीत सांगावी, गुरुजींनी ती फळ्यावर तशीच लिहावी, तिच्याशेजारी प्रमाण रूप लिहावे, आणि दोन्ही वाचून घ्यावी. परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकास बोली येत नसेल तर गावातील एखादी शिकलेली सून किंवा अंगणवाडीची ताई आठवड्यातून दोन तास साहाय्यास येऊ शकेल.

चौथा उपाय बाजाराचा व हंगामाचा. ज्या गावची निम्मी मुले बाजाराच्या दिवशी येत नाहीत, तेथे त्या दिवशी सकाळची शाळा भरवून ती बाजार भरण्यापूर्वी सोडावी. हंगामी वसतिगृहाची यादी गणेशोत्सवापूर्वी तयार व्हावी, आणि मुकादमांकडून जाणाऱ्या कुटुंबांची नावे मागवून घेण्याचे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे.

आता शहरातील वाचकांस स्वतंत्रपणे दोन शब्द. तुमची मुले या शाळांत नाहीत. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गाडीत बसून जातात, हे आम्ही जाणतो. त्यामुळेच जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळेविषयीची तुमची आस्था दानधर्माच्या पलीकडे जात नाही. गणवेश वाटले, वह्या वाटल्या, छायाचित्र काढले, झाले! परंतु जी मुलगी आज तिसरीत अडखळत आहे, तीच उद्या बापाच्या हातातील काटापावती व हिशेबपट्टी वाचणार आहे, किंवा वाचू शकणार नाही. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याशी व्यवहार करणे सोपे असते असे कोणास वाटत असेल, तर त्याच्याशी आमचे बोलणेच नाही. सचोटीच्या व्यापाऱ्यास हिशेब समजणारे गिऱ्हाईकच हवे असते. कारण त्याची पत त्या समजुतीवर उभी असते. अशा व्यापाऱ्यांनी आपल्या जिनात, गोदामात व अडतीवर काम करणाऱ्या हमालास दर आठवड्याचा चुकारा देताना एवढेच विचारावे : मुलगी या आठवड्यात किती दिवस शाळेत गेली? मालकाच्या तोंडचा हा एक प्रश्न सरकारी परिपत्रकाहून अधिक काम करील. तद्वतच जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय व धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या संस्थांच्या सभासदांनी बालपुस्तकांची पेटी दर आठवड्यास एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात फिरविण्याची योजना हाती घ्यावी. म्हणजे रविवारी विसरलेली अक्षरे सोमवारी पुन्हा उजळण्याचे गुरुजींचे श्रम वाचतील.

शाळा सरकारची आहे खरी, पण मुले सरकारची नव्हेत. फुल्यांनी व गोखल्यांनी ज्या हक्कासाठी वाणी व लेखणी झिजविली तो हक्क कागदावर मिळून पुष्कळ दिवस झाले. त्या हक्काचे आठवड्यास चोवीस तास होतात. त्यांतील किती तास आपल्या गावच्या मुलांच्या पदरात पडतात हे येत्या शनिवारी शाळेत जाऊन विचारण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि उत्तर नऊ आले तर उरलेल्या पंधरांचा पाठपुरावा करण्यासही नाही.